एल्फ डेक (पॉपर): क्रिप्ट रॅट्सपुढे बोर्ड टिकत नाही, काय बदलू?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. इथे मॅजिक: द गॅदरिंग खेळणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतो. आम्ही काही मित्र रविवारी सकाळी गंगापूर रोडला एकाच्या घरी जमतो आणि पॉपर खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जे कार्ड कधी ना कधी कॉमन म्हणून छापलं गेलंय तेवढंच पॉपरमध्ये चालतं. बाकी नेहमीचे नियम. किमान ६० कार्डं, एका नावाची जास्तीत जास्त ४, बेसिक लँड (मॅना, म्हणजे कार्डं खेळायची ऊर्जा, देणारं कार्ड; हिरव्याचं फॉरेस्ट, काळ्याचं स्वॅम्प) हवी तेवढी, दोघांना २० लाइफ. महागडी रेअर कार्डं लागत नाहीत, त्यामुळे कॉलेजात असलेल्यांना किंवा नुकतंच नोकरीला लागलेल्यांना हाच फॉरमॅट परवडतो. २०१९ पासून त्याला अधिकृत मान्यताही आहे.

माझा डेक एल्फचा, पूर्ण हिरवा:

फॉरेस्ट २०, लानोवार एल्व्ह्ज ४, एल्व्हिश मिस्टिक ४, प्रीस्ट ऑफ टायटेनिया ४, एल्व्हिश व्हिजनरी ४, टिंबरवॉच एल्फ ४, वेलविशर ४, लिस अलाना हंटमास्टर ४, जायंट ग्रोथ ४, व्हाइन्स ऑफ व्हास्टवुड ४, रँकर ४.

आमच्यात एक जण पूर्ण काळा डेक खेळतो. चौथ्या-पाचव्या टर्नपर्यंत माझे सहा-सात एल्फ उभे असतात. मग तो क्रिप्ट रॅट्स उतरवतो, उरलेला काळा मॅना त्यात ओततो आणि सगळं टेबल साफ होतं. त्यानंतर माझ्या हातात एखादा जायंट ग्रोथ आणि दोन फॉरेस्ट उरतात. डेक बदलायचा नाही, एल्फच खेळायचेत. कार्डं थोडीच नवी घेता येतील. काय काढू, काय घालू?


आडगाव नाका

यादी व्यवस्थित दिलीत, त्यामुळे बोलणं सोपं झालं. रॅट्सकडे नंतर येऊ. आधी डेक बघू, कारण माझ्या मते दुखणं तिथेच आहे.

एकाच जातीच्या क्रीचरवर (टेबलावर उतरून लढणाऱ्या कार्डांवर) बांधलेल्या डेकमध्ये दोन प्रकारची कार्डं असतात. काही मोजणारी, काही मोजली जाणारी. प्रीस्ट ऑफ टायटेनिया एल्फ मोजतो आणि तेवढा मॅना देतो. टिंबरवॉच एल्फ मोजतो आणि तेवढी ताकद देतो. वेलविशर एल्फ मोजतो आणि तेवढं लाइफ देतो. म्हणजे तुमच्याकडे मोजणारे १२ आहेत आणि मोजायला माणसंच कमी. ६० पैकी क्रीचर फक्त २८. जायंट ग्रोथ, व्हाइन्स, रँकर ही १२ कार्डं ना एल्फ आहेत, ना एल्फ आणून देतात. जायंट ग्रोथ एकदाच +३/+३ (ताकद/टिकाव) देतं आणि ग्रेव्हयार्डात (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) जातं. पाच एल्फ असताना टिंबरवॉच दर टर्नला +५/+५ देतो आणि पुन्हा स्वतः एल्फ म्हणून मोजलाही जातो. मग ते पान डेकमध्ये कशासाठी?

आता पहिला टर्न. पहिल्या टर्नला फॉरेस्ट आणि एक मॅना देणारा एल्फ, ही या डेकची खरी सुरुवात. तुमच्याकडे असे ८ आहेत. सुरुवातीच्या ७ कार्डांत त्यातला किमान एक येण्याची शक्यता साधारण ६५ टक्के. लानोवार एल्व्ह्ज १९९३ च्या पहिल्या संचापासून आहे. त्याचंच हुबेहूब काम करणारं फिंडहॉर्न एल्व्ह्ज १९९५ च्या आइस एजमध्ये आलं आणि एल्व्हिश मिस्टिक २०१३ मध्ये. चारची मर्यादा नावाला आहे, कामाला नाही. तिन्ही नावं घेतली की १२ होतात आणि शक्यता ८१ टक्क्यांवर जाते. चार कार्डांत एवढा फरक दुसरीकडे कुठेच पडणार नाही.

तिसरं, क्विरियन रेंजर ४ घ्या. एक मॅनाचा एल्फ आहे. एक फॉरेस्ट हातात परत घ्यायचं आणि कुठलंही एक क्रीचर अनटॅप करायचं (वापरताना आडवं केलेलं, म्हणजे टॅप केलेलं, कार्ड पुन्हा उभं करायचं), दर टर्नला एकदा. वाचताना किरकोळ वाटतं. प्रीस्टसोबत खेळून बघा.

चौथं, लीड द स्टँपीड ४. तीन मॅना, वरची पाच कार्डं बघायची, त्यातली जितकी क्रीचर असतील तितकी सगळी हातात. २८ क्रीचर असताना सरासरी २.३ कार्डं मिळतील, ३९ असताना सव्वातीन. म्हणजे डेकमध्ये एल्फ वाढवले की हे कार्डही आपोआप चांगलं होतं.

जागा करायची तर ग्रोथ, व्हाइन्स, रँकर ही १२ आणि ३ फॉरेस्ट काढा. फिंडहॉर्न ४, क्विरियन ४, बर्चलोर रेंजर्स ३, लीड ४ घाला. पंधरा गेली, पंधरा आली. सगळी कॉमन आहेत.


अकरावी सायन्स

दादा, २० वरून थेट १७ लँड? मला तर २० सुद्धा कमी वाटत होते. बाकी डेकमध्ये २४ ठेवतात ना?


आडगाव नाका

२४ ठेवतात ते अशा डेकमध्ये, जिथे मॅना फक्त लँडमधून येतो आणि पाच-सहा मॅनाची कार्डं खेळायची असतात. इथे १२ एल्फ स्वतःच मॅना देतात आणि सगळ्यात महाग कार्ड चार मॅनाचं हंटमास्टर. तू विचारलंस म्हणून आकडे मांडतो. १७ फॉरेस्ट आणि १२ मॅना-एल्फ असताना पहिल्या ७ कार्डांत किमान एक फॉरेस्ट आणि किमान एक असा एल्फ, दोन्ही मिळण्याची शक्यता ७३ टक्के. उरलेल्या हातांपैकी काही खेळण्याजोगे असतात, काही मुलिगन करायचे (म्हणजे परत टाकून नवा हात घ्यायचा).

पण एक फॉरेस्ट आणि एकच मॅना-एल्फ असा हात आला तर विचार कर. तू पहिला खेळत असशील तर दुसऱ्या टर्नपर्यंत एकच कार्ड ओढलेलं असतं. ते फॉरेस्ट निघण्याची शक्यता ३० टक्के. तू दुसरा खेळत असशील तर दोन कार्डं ओढतोस, तेव्हा ती ५२ टक्क्यांच्या आसपास जाते. समोरच्याने लाइटनिंग बोल्टने तो एल्फ मारला तर तुझा खेळ तिथेच थांबला. तेव्हा पहिला खेळताना असा हात मी ठेवत नाही. दुसरा खेळताना ठेवतो, पण समोर लाल डेक नसेल तरच. एक फॉरेस्ट आणि दोन-तीन मॅना-एल्फ असतील तर मात्र कधीही ठेवतो.

सध्याच्या मुलिगनमध्ये पुन्हा सातच कार्डं ओढायची आणि जितक्यांदा मुलिगन केलं तितकी खाली ठेवायची असतात. सात बघून सहा निवडायला मिळतात. या डेकला ते मानवतं, कारण जादा हंटमास्टर खाली सारता येतो.


इंदिरानगरची

क्विरियन आणि प्रीस्टबद्दल वर नुसता उल्लेख आलाय, तो मी उलगडून सांगते. हा डेक मी बराच काळ खेळतेय आणि त्यातला सगळ्यात सुंदर भाग हाच.

समजा तुम्ही पहिले खेळताय. पहिला टर्न: फॉरेस्ट, लानोवार. दुसरा टर्न: फॉरेस्ट. आता दोन फॉरेस्ट आणि लानोवार मिळून तीन मॅना, त्यात प्रीस्ट आणि क्विरियन. तिसऱ्या टर्नला हातात फॉरेस्ट नाही असं धरू. दोन फॉरेस्टचे २, लानोवारचा १, टेबलावर तीन एल्फ म्हणून प्रीस्टचे ३. झाले ६. आता टॅप केलेलं एक फॉरेस्ट क्विरियनने हातात घ्या, प्रीस्ट अनटॅप करा, पुन्हा टॅप करा. आणखी ३. ते फॉरेस्ट परत खाली ठेवा, कारण या टर्नचा लँड अजून टाकलेला नाही. आणखी १. दोन लँडवर तिसऱ्या टर्नला १० मॅना.

इथे बरेच जण थांबतात आणि मग कार्डं खेळायला लागतात. क्रम बदला. पहिले ६ मॅना आले की लगेच हंटमास्टर उतरवा. उरलेल्या दोन मॅनात एक-एक मॅनाचे दोन एल्फ. हंटमास्टर असल्यामुळे प्रत्येकासोबत एक एल्फ टोकन (डेकबाहेरचं जादा क्रीचर) येतं. आता एल्फ किती? लानोवार, प्रीस्ट, क्विरियन, हंटमास्टर, दोन नवे, दोन टोकन. आठ. आत्ता क्विरियन वापरा. प्रीस्ट ३ नाही, ८ देतो. फॉरेस्टचा १ धरून ९. म्हणजे एकूण १५. हातातली कार्डं तीच, फक्त अनटॅप करायला थोडं थांबलात.

आणखी एक. बर्चलोर रेंजर्स दोन अनटॅप एल्फ टॅप करून एक मॅना देतात, कुठल्याही रंगाचा. ही टॅप करण्याची किंमत रेंजर्सच्या क्षमतेची आहे, त्या एल्फच्या स्वतःच्या क्षमतेची नाही. म्हणून याच टर्नला आलेले एल्फ आणि टोकनसुद्धा त्यासाठी चालतात. नवे एल्फ रिकामे बसून राहत नाहीत.


सातपूरकर

हे सगळं छान आहे, पण प्रश्न रॅट्सचा होता. १५ मॅना काढून टेबलावर आठ-दहा एल्फ पसरले आणि समोरच्याने रॅट्स टाकले की आठ-दहा गेले. मी वर्षानुवर्षं काळ्या डेकविरुद्ध खेळतोय. माझा सल्ला सरळ आहे: चारपेक्षा जास्त एल्फ उतरवायचे नाहीत, बाकीचे हातात ठेवायचे. तो साफ करेल तेव्हा पुन्हा चार उतरवायचे. काळ्या डेकमध्ये रॅट्स चारच असतात.


देवळाली कँप

सातपूरकर, तुमच्या अनुभवाचा मान ठेवूनही इथे मी ठाम विरोध करतो. चार एल्फवर हा डेक काहीच नाही. प्रीस्ट चार मॅना देतो, टिंबरवॉच +४, आणि समोरचा एकेक काटा काढत बसतो. काळ्या डेकला लांबलेला खेळच हवा असतो, कारण एकासमोर एक मारायला त्याच्याकडे भरपूर कार्डं असतात. तुम्ही हात आखडला की त्याला रॅट्स वापरायची गरजच पडत नाही. तो ते राखून ठेवतो.

आधी रॅट्स नेमके काय करतात ते बघू. तीन मॅनाचं १/१ क्रीचर. मग कितीही काळा मॅना द्या, तेवढं नुकसान प्रत्येक क्रीचरला आणि दोन्ही खेळाडूंना. त्यात टॅप करायचं नसतं, म्हणून आल्या आल्या वापरता येतं. पण मॅना एकाच टर्नचा धरला तर तीन स्वॅम्पवर तो फक्त रॅट्स उतरवू शकतो, नुकसान शून्य. चार स्वॅम्पवर एक नुकसान, पाचवर दोन. आपले बहुतेक एल्फ एका नुकसानात मरतात, म्हणजे धोका चौथ्या स्वॅम्पपासून सुरू होतो. त्याआधी हात आखडणं म्हणजे फुकटचे टर्न सोडून देणं.

पहिला खेळत असाल तर तुमच्या चौथ्या टर्नला त्याच्याकडे तीनच स्वॅम्प असतात. तोपर्यंत जे आहे ते सगळं उतरवा आणि हल्ला करा.

चौथा स्वॅम्प पडला की माझा नियम असा: हातात एल्फ राखू नका, लीड द स्टँपीड राखा. एल्फ राखला तर एक एल्फ राखला. लीड राखलं तर तीन राखले, आणि तेही अशा जागी जिथे रॅट्स पोहोचत नाहीत. साफसफाई झाल्यानंतर तीन लँड उरलेले असतात, लँडला काही होत नाही. पुढच्याच टर्नला लीड, त्याच्या पुढच्या टर्नला दोन-तीन एल्फ, आणि खेळ पुन्हा चालू. आडगावकर सांगतील, द्राक्षाची वेल खरड छाटणीत बोडकी केली तरी ओलांडे शाबूत असले की फुटतेच. तसं आहे हे.

दोन लीड हातात असतील तर एक आधीच खेळा, एक ठेवा. आणि टर्नच्या शेवटी हातात सातपेक्षा जास्त कार्डं राहत नाहीत हेही ध्यानात असू द्या. लीडमधून पाच एल्फ आले आणि हात भरला तर जादाचे उतरवूनच टाका.


सातपूरकर

लीड हातात नसेल तर?


देवळाली कँप

तर तुमचं म्हणणं बरोबर. लीड नसेल, चार स्वॅम्प दिसत असतील आणि या टर्नला मारता येत नसेल, तर मीही मोजणारे हातात ठेवतो. प्रीस्ट आणि टिंबरवॉच मागे, टोकन आणि मॅना-एल्फ पुढे. साफ झाले तर स्वस्तातले जातील.


मखमलाबादकर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका. व्हाइन्स ऑफ व्हास्टवुड ठेवलं तर रॅट्सपासून वाचवता येणार नाही का? त्यावर लिहिलंय की क्रीचरला विरोधकाच्या क्षमतांचं टार्गेट करता येत नाही. आणि रँकर काढायला जीव होत नाही. मरून पुन्हा हातात येतं, ट्रँपल देतं.


आडगाव नाका

व्हाइन्सने त्या अर्थाने वाचत नाही. रॅट्स कुणालाच टार्गेट करत नाहीत, सरसकट सगळ्यांना नुकसान देतात. जादा हिरवा मॅना देऊन +४/+४ मिळवलंत तर एक क्रीचर तगेल, तेवढंच. आणि हेच काम टिंबरवॉच फुकटात करतो. तो आधीपासून टेबलावर अनटॅप असेल, तर रॅट्सच्या क्षमतेला उत्तर म्हणून त्याला टॅप करा आणि प्रीस्टला +X/+X द्या. X म्हणजे त्या घडीचे सगळे एल्फ. बाकीचे मरतील, प्रीस्ट त्या टर्नपुरता मोठा झालेला असल्यामुळे उरेल. टिंबरवॉच स्वतः १/२ आहे, त्यामुळे नुकसान एकच असेल तर तोही उरतो. दोघं शिल्लक आणि हातात लीड, यापेक्षा चांगली स्थिती त्या टर्नला दुसरी नाही.

एवढं लक्षात घ्या, X हा क्षमता पूर्ण होताना मोजला जातो. तुम्ही टिंबरवॉच टॅप केल्यावर समोरच्याने मध्येच एखादा एल्फ मारला तर X तेवढा कमी होतो.

रँकरबद्दल मी हट्ट धरणार नाही. टिंबरवॉचने एखाद्याला +८ दिले आणि समोरच्याने एक टोकन आडवं घातलं तर सगळं वाया जातं. ट्रँपल असेल तर उरलेलं नुकसान आत जातं. चारची गरज नाही, दोन ठेवा. त्यासाठी दोन वेलविशर काढा. मात्र टिंबरवॉच वापरायची खरी वेळ म्हणजे समोरच्याने ब्लॉक ठरवून झाल्यानंतरची. ज्याला अडवलं नाही त्याला ताकद द्यायची. रँकर नसतानाही याने कितीतरी डाव निघतात.


इंदिरानगरची

वेलविशर कमी करायला माझी हरकत आहे, निदान काळ्या डेकविरुद्ध. रॅट्स दोन्ही खेळाडूंना सारखंच नुकसान देतात. पेस्टिलन्स या काळ्या एन्चांटमेंटचंही तसंच. तुम्ही एकदा सहा-सात लाइफ वर काढलं की त्याला स्वतःचा जीव सांभाळून ते वापरावं लागतं. दोन टर्न वेलविशर चालला तर मोठ्या आकड्याने रॅट्स वापरणं त्यालाच महागात पडतं. रँकरला जागा हवी तर एल्व्हिश व्हिजनरी दोन काढा.

आणि एक निराळा विचार. कार्डं घ्यायचीच असतील तर स्लिव्हरचा डेक कधी पाहिलात का? १९९७ च्या टेंपेस्टमधला मसल स्लिव्हर, २००७ चा सिन्यू स्लिव्हर, २०१३ चा प्रिडेटरी स्लिव्हर. तिन्ही दोन मॅनाचे, तिन्ही तुमच्या सगळ्या स्लिव्हरना +१/+१ देतात. दोन टेबलावर आले की प्रत्येक जण ३/३. रॅट्सना तीन नुकसान द्यायचं तर सहा स्वॅम्प लागतात.


आडगाव नाका

व्हिजनरी काढायची नाही! तो एल्फ आहे आणि आल्या आल्या एक कार्ड देतो. साफ झाला तरी त्याचं काम होऊन गेलेलं असतं, रॅट्ससमोर तर तोच सगळ्यात कमी नुकसानीचा. यावर आपण दोघं सहमत होणार नाही, मखमलाबादकरांनी दोन्ही खेळून ठरवावं.

स्लिव्हर रॅट्सपुढे जास्त टिकतात हे मान्य. पण तिथे मॅनाचा असा भडका नाही. दर टर्नला एक किंवा दोन स्लिव्हर, एवढाच वेग. त्यांनी धागा एल्फसाठी काढलाय, एल्फच राहू द्या.


पंचवटीतली आई

मी स्वतः खेळत नाही. मुलगा आठवीत आहे आणि त्याला हे शिकायचं आहे. रस्त्यावर सोनेरी कार्डं मिळतात तशी खोटी या खेळातही असतात का? ओळखायची कशी? आणि सुरुवातीलाच खर्च करावा का?


देवळाली कँप

ताई, खोटी असतात, पण महागड्या कार्डांची जास्त. सुरुवातीला अजिबात खर्च करू नका. आमच्याकडे नवा मुलगा आला की कॉलेज रोडला झेरॉक्सच्या दुकानात कार्डं प्रिंट करतो, आकाराला कापतो आणि जुन्या लँडच्या पुढे ठेवून स्लीव्हमध्ये सरकवतो. याला प्रॉक्सी म्हणतात. अधिकृत स्पर्धेत चालत नाही, पण घरी, समोरच्याला आधी सांगून, खुशाल चालतं. ६० कार्डांचा डेक त्याला आवडला आणि टिकला, तर मग खरी घ्या.

खरं कार्ड ओळखायला सोनाराकडचं भिंग लागतं, सराफ बाजाराच्या आसपास मिळेल. कार्डाच्या मागच्या बाजूला पाच रंगांचे गोळे आहेत. हिरव्या गोळ्यात भिंगाने बघितलं की चार छोटे लाल ठिपके दिसतात, तीन एका कोनात आणि एक जवळच, इंग्रजी एल अक्षराच्या घडणीत. खोट्यात ते बहुधा नसतात किंवा फिसकटलेले असतात. नव्या रेअर कार्डांवर तळाशी छोटा चमकता अंडाकृती शिक्काही असतो. कॉमनवर तो नसतो, म्हणून शिक्का नाही याचा अर्थ कॉमन खोटं असा घेऊ नका.

नाशिकच्या पावसाळ्यात चमकती फॉइल कार्डं वाकतात. दमट हवेत कागदाचा थर फुगतो, फॉइलचा नाही. वाकलेलं कार्ड डेकमध्ये वरूनच ओळखू येतं आणि मग समोरच्याचा आक्षेप रास्त असतो. मुलाला साधीच कार्डं द्या. डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलची पुडी.


अकरावी सायन्स

दादा, साइडबोर्ड (दोन डावांच्या मध्ये बदलायची राखीव कार्डं) कोणी सांगितलंच नाही. १५ कार्डांत काय काय?


सातपूरकर

हे मी सांगतो. मखमलाबादकरांना आधी समोर कोण बसतं ते बघावं लागेल, पण तीन गोष्टी सगळ्यांना उपयोगी.

स्पायडरसिल्क आर्मर ३. तीन मॅना, तुमच्या सगळ्या क्रीचरना +०/+१ आणि रीच (उडत्यांना अडवता येणं). रॅट्सचं गणित एका स्वॅम्पने पुढे ढकललं जातं. त्याहून जास्त कामाचं म्हणजे लाल डेकचं इलेक्ट्रिकरी. तीन मॅनात, इन्स्टंट, तुमच्या प्रत्येक क्रीचरला एक नुकसान, आणि त्याच्या स्वतःच्या क्रीचरना काहीच नाही. रॅट्स निदान दिसतात तरी, हे तुमच्याच टर्नमध्ये येतं. आर्मर टेबलावर असेल तर त्याचा काही उपयोग होत नाही.

मास्क्ड व्हँडल ३. दोन मॅनाचं १/३. ते चेंजलिंग आहे, म्हणजे प्रत्येक जातीत मोडतं, म्हणून एल्फही. आल्यावर तुमच्या ग्रेव्हयार्डातलं एक क्रीचर बाहेर काढून समोरच्याचं एक आर्टिफॅक्ट किंवा एन्चांटमेंट बाद करता येतं. पेस्टिलन्सवर हाच इलाज. आणि लीडमध्ये हातात येतं, हा आर्मरपेक्षा मोठा फायदा. ब्रेथ वेपन नावाचं लाल कार्ड ड्रॅगन सोडून सगळ्यांना दोन नुकसान देतं. चेंजलिंग ड्रॅगनही असतं, त्याला धक्का लागत नाही.

स्कॅटरशॉट आर्चर ३. एक मॅनाचा १/२ एल्फ, टॅप करून प्रत्येक उडत्या क्रीचरला एक नुकसान. फेअरी डेक समोर असेल तर पहिल्या डावानंतर लगेच आत.

बाकी सहा तुमच्या टेबलाप्रमाणे. पण साइडबोर्डमधून आत घेताना क्रीचर ३५ च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर लीड पुन्हा रिकामं निघायला लागेल.


मखमलाबादकर

ठरलं. फॉरेस्ट १७, तिन्ही मॅना-एल्फ ४-४, क्विरियन ४, बर्चलोर ३, प्रीस्ट ४, टिंबरवॉच ४, हंटमास्टर ४, व्हिजनरी ४, वेलविशर २, रँकर २, लीड ४. क्रीचर ३७. तूर्त नवी १५ कार्डं प्रॉक्सी म्हणून खेळतो. इंदिरानगरच्या ताईंचं ऐकून काळ्या डेकविरुद्ध दुसऱ्या डावात उरलेले दोन वेलविशर साइडबोर्डमधून आत आणि रँकर बाहेर.

आमच्यातला आणखी एक जण हा धागा वाचून एल्फ बांधायला लागलाय. एल्फविरुद्ध एल्फ झालं तर?


इंदिरानगरची

मग कार्डांवरचे शब्द नीट वाचा. प्रीस्ट, वेलविशर आणि टिंबरवॉच तिघंही तुमचेच एल्फ मोजत नाहीत, टेबलावरचे सगळे मोजतात, समोरच्याचेसुद्धा. त्याने तीन एल्फ उतरवले तर तुमचा प्रीस्ट तीन मॅना जास्त देतो. म्हणून या सामन्यात जो आधी पसरतो तो दुसऱ्याचंही भलं करतो, आणि डाव बहुतेकदा ज्याचा प्रीस्ट आधी टॅप करण्याजोगा होतो त्याच्याकडे जातो. दुसरा खेळत असाल आणि हातात प्रीस्ट नसेल, तर नुसता चांगला दिसणारा हातही मुलिगन करा. आणि टिंबरवॉच दिसला की ब्लॉक करताना आधी त्याच्याकडे बघा. तो अनटॅप असेल तर समोरचा १/१ हा १/१ नाही.